सकाळची भांडी

सांध्यांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदाच आलेला सलूनवाला सुजलेली बोटं खिशात लपवून बसला होता. मागच्या बाकावर दोन जावांचं बोलणं चाललं होतं. थोरली शिवणकाम करणारी, धाकटी तिला घेऊन आलेली.

“ताई, आपल्याच रक्तातल्या पेशी आपल्याच सांध्यांवर उठतात, म्हणजे काय म्हणायचं?”

“अगं, त्या राखणीच्या पेशी. बाहेरून रोग आला की त्याच्यावर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. आता माझ्या सांध्यांनाच परकं समजून बसल्यात.”

“मग औषधानं मारून टाकायच्या.”

“आणि उद्या खरंच रोग आला तर? त्यांना नुसतं आवरायचं. कामसू आहेत गं बिचाऱ्या, फक्त ओळखायला चुकल्यात.”

“तुमचं आपलं काहीतरीच. बोटं त्यांनी वाकडी केली, आणि तुम्ही त्यांचीच बाजू घेता.”

“सकाळी येतो ना राग. मूठच मिटत नाही. भांड्यांच्या गरम पाण्यात हात घातले की हळूहळू सुटतात, मग कात्री धरता येते.”

“म्हणून सकाळच्या भांड्यांना मला हात लावू देत नाही तुम्ही?”

“मग तुला काय वाटलं?”

“माझ्या हातची तुम्हाला चालत नाहीत. वर्षभर मनात धरून बसले होते मी.”

“सांगितलं असतं, तर तू मला मशीनवर बसू दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं. एवढे गणवेश शिवलेत या हातांनी. धन्य आहे तुमची.”

सलूनवाल्याने हात खिशातून बाहेर काढले.

“ताई, उद्यापासून पाणी मी तापवेन,” धाकटी म्हणाली.

“आणि भांडी?”

“भांडी तुमचीच.”