दोन नंबरची आज्ञा

आमच्या लुइझियानातल्या शाळेच्या ऑफिसबाहेर, रांगेत माझ्यापुढे ओडील आणि व्हर्ना उभ्या होत्या. वर्गावर्गात देवाच्या दहा आज्ञांचा तक्ता लावा म्हणून याच दोघींनी गावभर सह्या गोळा केल्या होत्या.

"तक्ता काढायला सांगणार? वेड लागलंय का तुला, ओडील?"

"नातीनं घरातली मेरीमाता कपाटात कोंडली. मूर्ती करू नका, असं तक्त्यावर दोन नंबरला लिहिलंय म्हणे."

"लिहिलंयच."

"आम्हा कॅथलिकांच्या दहांत ती वेगळी आज्ञा नाही. हा तुम्हा प्रॉटेस्टंट बॅप्टिस्टांचा तक्ता आहे."

"सह्या घेत फिरलीस, तेव्हा वाचला नव्हतास?"

"देवाचा आहे म्हणालीस, म्हणून नाही वाचला."

"अगं, मग पोरीला घरी समजाव की."

"समजावलं. म्हणते, आजी, तक्ता सरकारनं लावलाय, तूच खोटं बोलतेस."

"आता मी काय करू?"

"तीस वर्षं माझ्याकडे गंबोचा रस्सा ओरपायला येतेस, व्हर्ना. मेरीमाता दारातच असते. कधी बोलली नाहीस."

"तुझ्या घरात कशाला बोलू?"

"आणि आता?"

"आता विचारतेस म्हणून सांगते. पोरीनं कोंडलीय तिथंच राहू दे मेरीला."