याडीचं नाव

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच इंदूबाई गौरकार. मारेगावहून वेळात वेळ काढून आलेले केंद्रप्रमुख सेवादास आडे साहेब. आजच्या सत्कारमूर्ती पुष्पाताई चव्हाण. व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षक बंधुभगिनींनो, आणि पंखे बंद असतानाही जागेवरून न हललेल्या माझ्या गावकऱ्यांनो, आपणा सर्वांना भगवानराव ढवस याचा नमस्कार.

मी याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. मास्तरचे चार शब्द किती वेळ चालतात हे आपण जाणता, तरी मला बोलावलंत, हा आपला मोठेपणा. याआधीच्या वक्त्यांनी पुष्पाताईंच्या बत्तीस वर्षांच्या सेवेबद्दल सगळं सांगितलं. फक्त एका गोष्टीला कोणी हात लावला नाही. सौजन्य म्हणून लावला नसेल. सह्यांची गोष्ट.

सात वर्षांपूर्वी टीव्हीवर रोज संध्याकाळी कोणी ना कोणी अणुबॉम्ब टाकायची भाषा करत होता. आपण काय करत होतो? चहा पिता पिता ऐकत होतो. मीही ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर मला थोडी मजाही वाटत होती. पुष्पाताईंनी मात्र फुलस्केपचे कागद आणले आणि वर लिहिलं, ‘कोणत्याही देशानं, आपल्याही, अणुबॉम्ब वापरू नये.’ शाळा सुटली की त्या घरोघर निघायच्या. लोक हसायचे. कोणी म्हणे, “मॅडम, आपल्या गावावर कोन कायले बॉम टाकते?” त्या म्हणायच्या, “फवारणीचं औषध कोनं मारलं अन् कोनाले चढलं, हे तुमाले सांगा लागते काय? वारा फिरला का शेजारच्याच्या वावरात जाते. हे औषध त कोन्याच धुऱ्या-बांधावर थांबत नाही.” यवतमाळ जिल्ह्यात यापुढे कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

पण त्यांची एक अट होती. अंगठा चालणार नाही, सही पाहिजे. मी वैतागून म्हणालो, “मॅडम, अशानं वर्ष निघून जाईन.” तर म्हणाल्या, “अंगठ्यानं त बटन दाबता येते, सर. नाही म्हनाचं असन त नाव लिहा लागते.” म्हणून त्यांनी बायांना नाव लिहायला शिकवलं. आपल्या शाळेची खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाईंनी पहिली सही त्याच कागदावर केली.

या कामात मी त्यांचा सहकारी होतो. फोटोपुरता म्हणा. यवतमाळच्या एका वार्ताहराला मी फुशारकीनं सांगून बसलो होतो की एक हजार सह्या देणार. तहसीलदारांना निवेदन द्यायचा दिवस जवळ आला तेव्हा सहाशेच्या वर थोड्या होत्या.

अध्यक्ष महोदया, इथून पुढचं आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी मतदारयादी घेतली, चार पेनं घेतली, आणि दोन दिवस दार लावून उरलेल्या सह्या केल्या. कधी डाव्या हातानं, कधी उजव्या. पुष्पाताईंना म्हणालो, “तांड्यावरच्या घेऊन आलो.” त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

तहसीलदार साहेबांनी गठ्ठा चाळला, सहज एक नाव वाचलं. “सुखीबाई फुलसिंग राठोड. आल्या आहेत का?” मग पुष्पाताई म्हणाल्या, “ती माझी आई. चार महिने झाले, वारली.”

मंडळी, त्या माउलीच्या हातची भाकर मी नऊ वर्षं खाल्ली. तिच्या मातीला गेलतो. पण तांडा तिला याडी म्हणायचा, याडी म्हणजे आई, म्हणून मीही याडीच म्हणायचो. तिचं नाव काय, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. यादीत ते समोर आलं तेव्हा माझं पेन थांबलंही नाही.

साहेबांनी विचारलं, “ही सही कोणी केली?” पुष्पाताईंनी कागदाकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षं आम्ही एकाच कपाटातल्या हजेरीपटांवर लिहिलं होतं. माझं अक्षर त्यांना कळलं नसेल काय? माझ्या मुख्याध्यापकपदाचा कागद त्याच आठवड्यात निघायचा होता. त्या म्हणाल्या, “जबाबदारी माझी.” आणि मी चष्मा पुसत राहिलो. खऱ्या सह्यांसकट सगळा गठ्ठा परत आला.

पेपरात ‘मृत महिलेची सही’ असं छापून आलं. तेही लोक विसरले असते. पण पुष्पाताईंचे भाऊ राजकुमारभाऊ विसरले नाहीत. याडी शेवटच्या आजारपणात लेकीजवळ नाव गिरवत होती. ‘सुखी’पर्यंत आली होती, पुढचं राहिलं. हे भावाला माहीत होतं. त्यामुळे पुरी सही पाहून ते म्हणाले, “बाईनं मेलेल्या याडीचा हात धरून सही केली.” तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, खुशीचं, लग्न झालं, तांड्यावर मांडव पडला, सख्ख्या आत्याला पत्रिका आली नाही. त्या दिवशी पुष्पाताई शाळेत होत्या. मी त्या मांडवात जेवून आलो.

गेल्या उन्हाळ्यात टीव्हीवर पुन्हा तीच भाषा सुरू झाली. नंदाबाईंनी विचारलं, “मॅडम, औंदा कागद नाही काढत काय?” पुष्पाताई म्हणाल्या, “माह्या कागदावर आता कोन भरोसा ठेवते, बाई?” मी शेजारी बसलो होतो. बॉम्ब पडायचा तेव्हा पडो, त्याला नाही म्हणणारा आमच्या तालुक्यातला एक आवाज मी बंद केला, हे मला त्या दिवशी नीट कळलं. त्याची लाज वाटते. फार वाटते.

हे मी त्यांना एकट्यात का सांगितलं नाही? कारण त्यांनी “जाऊ द्या, सर” म्हणून मला मोकळं केलं असतं, आणि गावात त्यांचं नाव तसंच राहिलं असतं. पुष्पाताई, मान हलवू नका. आज मला थांबवू नका.

आयोजकांनी मला बोलावलं, शाल दिली, त्यांचे आभार मानतो. भाषण लांबलं, काही शब्द कमीजास्त गेला असेल, त्याबद्दल सभागृहानं मोठ्या मनानं क्षमा करावी. बाकीचं क्षमेत बसणारं नाही, म्हणून त्याची क्षमा मागत नाही.

राजकुमारभाऊ, सरपंचबाईंच्या शब्दाला मान देऊन तुम्ही आलात आणि दाराजवळ उभे आहात. ते अक्षर माझं होतं. याडीचं अर्धं राहिलेलं नाव तुमच्या बहिणीनं अर्धंच ठेवलं होतं. व्यासपीठावर त्यांच्या शेजारची खुर्ची माझी आहे, पण मी आता तिथं परत जात नाही, खाली सतरंजीवर बसतो. तुम्ही या.