चौथं पेर कुठलं?

—अरे बस रे मास दानांग, सभा कुठे सुरू होतेय एवढ्यात! आत प्रोजेक्टर रुसलाय, त्याचा नेटवरचा पत्ता जुळत नाहीये. इबू, याला एक कॉफी — आणि तेंपे गरम असेल तर तेही दे. हां. तर तू बान्युवांगीचा, आपल्या परिभाषा समितीचा नवा सदस्य, दोन्हीकडे मतं सारखी, म्हणजे शब्द ठरवणार तू! लाच? छे, तेंपेला, सोयाबीनच्या तळलेल्या वडीला कोण लाच म्हणतं!

ऐक. इंटरनेटच्या नव्या पत्त्याचे तुकडे आठ. एका तुकड्याला म्हणायचं काय? आपले अध्यक्ष म्हणतात — 'षोडशांश'! संस्कृत असल्याशिवाय ढेकर येत नाही या म्हाताऱ्यांना. अरे, षोडशांश म्हणजे सोळावा हिस्सा, आणि तुकडे आठ! मी म्हणते, पेर. उसाचं असतं ना, तसं. डावीकडून मोजत सुटायचं, शेंबड्यालाही जमेल. हसतोस काय? मदुरा बेटावर बैलांची शर्यत होती, अर्धं गाव मलेशियात मजुरीला, तिथून फोनवर बघत बसलेलं. आणि अध्यक्ष इथून मदुरातल्या तंत्रज्ञाला सांगतात, 'पत्त्याचा चौथा भाग बदल.' आता मधली शून्यं गाळून त्यांच्या जागी आपण नुसती चार टिंबं देतो — त्यानं दिसतात तेवढेच भाग मोजले, गाळलेले धरलेच नाहीत. बदलला भलताच! फोनवरची शर्यत गुल! कुणाच्या बैलाचं नाक पुढे होतं यावरून एक सोयरीक मोडली म्हणतात. आणि खापर कुणावर? 'तो अडाणी!' वा रे वा. पेर म्हटलं की कसं — पाचटाखाली झाकलेलं पेरसुद्धा पेरच, मोजायचंच!

मी? कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षी. शिकवणाऱ्यांनाच येत नव्हतं, मी काय शिकणार? तर भर पाहुण्यांत, जेवताना म्हणाले, 'आधी पदवी घे, मग जगाला नावं ठेव.' घास तसाच राहिला हातात — कोण म्हणाले म्हणजे? बाबा. म्हणजे… अध्यक्ष. हो, तेच ते! तोंड मिट आता. आणि लेकीवर दया म्हणून मत देऊ नकोस हं, शब्द पटला तर दे. हरला शब्द तर हरला, मला काय — नाही, खोटं बोलले. आज हरले तर त्यांच्या पंगतीला परत बसणार नाही मी.

थांब. ऐकलंस? बाबा ओरडतायत आत, प्रोजेक्टर जोडणाऱ्यावर — 'चौथं नाही रे, पाचवं पेर बघ! पाचवं!'

पेर म्हणाले.

कबूल नाही करायचे, मेले तरी. घाईत निघालं तोंडातून, एवढंच…

तू जा आत. कॉफी राहू दे. जा म्हणते ना!