खडूनं लिहिलेली वेळ

मेझी : आजोबा, तो दगडसुद्धा गेला.

अँब्रोज : कुठला?

मेझी : येताना मी ज्याच्यावर बसून बुटातली वाळू काढली तो. मघाशी त्याचं टाळकं दिसत होतं. आता तेही नाही.

अँब्रोज : म्हणजे पाणी अजून चढतंय.

मेझी : ते मला दिसतंय. तुम्ही म्हणाला होतात की वाट अजून तासभर उघडी राहील.

अँब्रोज : म्हणालो होतो खरं.

मेझी : वर्गात कुणी असं चुकलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

अँब्रोज : गणित पुन्हा मांडायला सांगितलं असतं.

मेझी : मग मांडा.

अँब्रोज : मांडतो. गावात चहाच्या दुकानाबाहेर फळा होता. बेटावरून परत यायची शेवटची वेळ दोन, असं त्यावर लिहिलं होतं. त्यात मी एक तास मिळवला. झाले तीन. आपण अडीचला या वाटेवर आलो, आणि वाट पाण्याखाली.

मेझी : मुळात मिळवायचाच कशाला?

अँब्रोज : उन्हाळ्यात आपण घड्याळ एक तास पुढे करतो ना? समुद्र करत नाही. भरतीचं वेळापत्रक समुद्राच्या घड्याळानं छापतात. त्यात आपण आपला तास मिळवायचा. तुझी आजी होली आयलंडवर वाढली. तिथंही दिवसातून दोनदा अशीच वाट बुडते. लग्न झाल्यावर तिनं मला पहिली गोष्ट शिकवली असेल तर ही.

मेझी : मग समुद्र चुकला?

अँब्रोज : समुद्र चुकत नाही. कुठंतरी मी चुकलो, आणि कुठं ते मला सापडत नाहीये.

मेझी : दुकानातल्या बाईनं चुकीचं लिहिलं असेल.

अँब्रोज : तिच्यावर नको ढकलायला. जन्म गेला असेल तिचा इथं.

मेझी : तो बघा, पलीकडे आपला टॅक्सीवाला. दोन्ही हात वर करतोय.

अँब्रोज : तो तरी काय करणार?

मेझी : मी पोहू शकते. माझ्याकडे शाळेचा बिल्ला आहे.

अँब्रोज : बिल्ला तलावाचा आहे. इथं पाणी दोन्हीकडून येऊन मधे आपटतंय, बघ नीट. पायही टाकायचा नाही. कबूल?

मेझी : कबूल. पण त्या तटरक्षकवाल्यांना सांगा ना पुन्हा.

अँब्रोज : सांगितलं की. त्यांनी विचारलं, कोरडे आहात का? आहोत. कुणाला लागलंय का? नाही. मग म्हणाले, या लाटांत खडकाला होडी लावता येत नाही, जीव धोक्यात नाही, तर वर जाऊन बसा आणि ओहोटीची वाट बघा. बरोबरच बोलले ते.

मेझी : तुम्ही त्यांना आजीचं सांगितलं नाहीत.

अँब्रोज : सांगितलं. त्या माणसानं जहाजाचं नाव विचारलं. मग म्हणाला, जहाजावर फोन करा.

मेझी : ती उठली असेल ना आता?

अँब्रोज : केव्हाच उठली असेल.

मेझी : तिला वाटेल आपण हरवलो.

अँब्रोज : तसं वाटलं तरी बरं. मी निवृत्त झालो हे ती विसरलीय; तिला वाटेल मी शाळेत गेलोय.

मेझी : आपण जहाजाच्या बसनं का नाही आलो, आजोबा? समोरच्या केबिनमधले हेपवर्थ आजोबा-आजी बसनं गेले. त्यांना नाश्त्याची पिशवीसुद्धा मिळाली.

अँब्रोज : बस या बेटावर येतच नाही. दुसरीकडे नेतात, गळ्यात नंबर अडकवतात, पाच मिनिटं बघायला देतात आणि दुकानात सोडतात. इतिहास असा बघतात का?

मेझी : नाही. पण त्यांच्यासाठी जहाज थांबतं.

अँब्रोज : हो. त्यांच्यासाठी थांबतं.

मेझी : मला बेट आवडलं. खरंच. त्या कोरलेल्या दगडावरचे तिघे सैनिक, पुढच्याचे केस कसले ऐटीत! आणि देवळाच्या भिंती माझ्या कमरेएवढ्याच उरल्यात. पण आजीला आणायला हवं होतं.

अँब्रोज : तिच्यासाठीच तर ही सगळी सफर. चाळीस वर्षं म्हणत होती, उत्तरेला माझ्या बेटासारखंच एक बेट आहे, ते बघायचंय.

मेझी : मग?

अँब्रोज : सकाळी मी तिला बूट घातले, तिनं काढले. पुन्हा घातले, पुन्हा काढले. मग म्हणाली, तू जा, मला झोपायचंय. आणि मला वाटलं... अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न आहे. केबिन आवरणारी लुर्देस येऊन जाऊन बघेल. तुझ्या आजीला बजावलं, विनी, मी येईपर्यंत केबिनमधून हलायचं नाही.

मेझी : तुम्हालाच बघायचं होतं ना बेट?

अँब्रोज : हो, मेझी. मलाही बघायचं होतं.

मेझी : फोन वाजतोय! जहाजाचाच नंबर आहे.

अँब्रोज : आवाज मोठा कर त्याचा. वाऱ्यात मला काही ऐकू येत नाही. हॅलो?

लुर्देस : सर, मी लुर्देस, तुमची केबिन आवरते ती. तुमचा निरोप मिळाला. सर, फार वेळ नाहीये. धक्क्यावर उतरायचा जिना काढायची तयारी चाललीय.

अँब्रोज : कॅप्टनशी बोललात?

लुर्देस : माझ्या साहेबांनी विचारलं त्यांना. थांबता येत नाही, सर. धक्क्यावर दुसरं जहाज लागायचंय. आमच्या बसनं गेला असतात तर...

मेझी : माहीत आहे! आताच आमचं बोलणं झालं त्यावर.

अँब्रोज : मेझी. हं, लुर्देस, बोला.

लुर्देस : तुम्हा दोघांचे पासपोर्ट धक्क्यावरच्या ऑफिसात ठेवले. पुढचं बंदर आइसलंड. मधे दोन रात्री समुद्रात.

अँब्रोज : मग विनीलाही उतरवा. आत्ता. तिला त्याच ऑफिसात बसवा, मी पाणी ओसरलं की येतो. तिला दोन रात्री एकटीला नाही नेता येणार. तिला रात्री बाथरूमचं दार सापडत नाही, लुर्देस.

लुर्देस : मला माहीत आहे, सर. मी त्यांच्याजवळच उभी आहे, त्यांचा कोट हातात घेऊन. नर्सही आलीय. पण त्या खुर्ची दाराला लावून बसल्यात. अँब्रोज आल्याशिवाय हलणार नाही म्हणतात.

अँब्रोज : ओढून... नाही. ओढू नका.

लुर्देस : ओढता येतही नाही, सर. तुम्ही बोला. तुमचं ऐकतील. देते हं.

विनी : कोण बोलतंय?

अँब्रोज : विनी, मी. नीट ऐक. त्या मुलीबरोबर खाली जा.

विनी : ऐकू येत नाही. कसला आवाज येतोय तो?

अँब्रोज : वारा आहे! विनी, कोट घाल आणि त्या मुलीबरोबर जा!

विनी : तुम्ही ओरडताय कशाला माझ्यावर?

अँब्रोज : ओरडत नाहीये. मी अँब्रोज आहे!

विनी : अँब्रोज ओरडत नाही कधी. चाळीस मुलांच्या वर्गात नाही ओरडला. तुम्ही कोण आहात, साहेब?

मेझी : आजी! आजी, मी मेझी! आजोबाच आहेत ते!

विनी : आणि आता पोरंही आणली फोनवर.

अँब्रोज : विनी, आठव. आपल्या लग्नाला पाद्रीबाबा पाण्यामुळं पलीकडे अडकले होते. तुझ्या आईनं पाहुण्यांना आधी जेवायला घातलं आणि लग्न मागून लागलं. हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

विनी : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

अँब्रोज : मीच नवरामुलगा होतो!

विनी : मला काही समजत नाही बाई. अँब्रोजनं सांगितलंय, मी येईपर्यंत हलायचं नाही. तो आला आणि मी इथं नसले तर किती घाबरेल तो. मी नाही जायची. हा घ्या तुमचा फोन.

लुर्देस : सर?

अँब्रोज : मी ऐकलं.

लुर्देस : सर, माफ करा. खालून बोलावतायत. जिना काढला. माझं काम संपलं की मी येऊन बसेन त्यांच्याजवळ. नर्स रात्री दोनदा येईल. सर? अजून काही सांगायचंय?

मेझी : मी सांगते. लुर्देसताई, आजीला चहात दूध आधी घातलेलं लागतं. आणि रात्री दिवा पूर्ण बंद नका करू.

लुर्देस : दूध आधी. दिवा सुरू. लक्षात ठेवते, बाळा.

(जहाज सुटून दोन तास झालेत. ऊन अजून वरच आहे. दोघं बेटाच्या माथ्यावर, बंद दीपगृहाच्या भिंतीला टेकून बसलेत.)

मेझी : आईला सांगितलंत ते बरं झालं. पण ती इतकी ओरडली की पफिन पक्षी उडाले.

अँब्रोज : पफिन तुझ्या बिस्किटाला घाबरून उडाले. ओरडू दे तिला. तिच्या आईचा प्रश्न आहे. उद्या ती आइसलंडला जायचं बघते म्हणालीय, आणि आपणही बघू. पण जहाजाच्या आधी पोचून करणार काय? नुसतं धक्क्यावर उभं राहायचं.

मेझी : मी उभी राहीन.

अँब्रोज : थंडी वाजतेय का?

मेझी : थोडी. तुम्ही पुन्हा गणित करताय ना? ओठ हलतायत.

अँब्रोज : दोन अधिक एक तीन. दर वेळी तीनच येतात.

मेझी : आजोबा... ते बघा. त्या टेकडीच्या मागून.

अँब्रोज : कुठं?

मेझी : पांढरं. आपलंच आहे! निळं धुराडं!

अँब्रोज : हो. याच अंगानं जायचं ते. केवढं दिसतंय. आणि आवाज काहीच नाही.

मेझी : आपली केबिन कुठल्या बाजूला आहे?

अँब्रोज : डावीकडं. म्हणजे आपल्याकडं. मेझी, फोनची बॅटरी किती आहे?

मेझी : लाल झालीय. लावू?

अँब्रोज : लाव. आणि मागच्या बाजूला ये, भिंतीच्या आडोशाला. इथं वारा नाही. मला ओरडावं लागायला नको.

लुर्देस : सर! मी इथंच आहे. सूप घेतलं त्यांनी. आता खिडकीशी बसल्यात. देऊ?

अँब्रोज : द्या. माझं नाव सांगू नका.

विनी : हॅलो?

अँब्रोज : नमस्कार, बाई. कशा आहात?

विनी : बरी आहे. मिस्टर शाळेतून यायचेत, त्यांची वाट बघतेय. तुम्ही कोण?

अँब्रोज : मी... इथं किनाऱ्यावर असतो. तुमच्या खिडकीतून बेट दिसतंय का? वर पांढरं दीपगृह आहे बघा.

विनी : दिसतंय की. छान आहे. आमच्याकडे आहे अगदी तस्संच. आमची वाट वाळूतून जाते. इथं?

अँब्रोज : इथं खडकातून. आता बुडालीय.

विनी : मग कुणी अडकलं नाही ना?

अँब्रोज : दोघं अडकलीयत. एक म्हातारा आणि त्याची नात.

विनी : अरेरे. दर उन्हाळ्यात कुणीतरी अडकतंच. बाहेरगावचे असतील.

अँब्रोज : हो. म्हाताऱ्यानं वेळ बघितली होती. दुकानाबाहेर फळा होता. फळ्यावरच्या वेळेत त्यानं उन्हाळ्याचा एक तास मिळवला.

विनी : फळा? छापलेला?

अँब्रोज : नाही. खडूनं लिहिलेला.

विनी : मग मिळवला कशाला? हातानं कुणी लिहिलं असेल तर त्यानं आपला तास मिळवूनच लिहिलेलं असणार की. माझी आई स्वयंपाकघराच्या दारावर शाईनं लिहायची. छापलेलं असेल तर मिळवायचा, हातानं लिहिलेलं असेल तर नाही. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल हे.

अँब्रोज : म्हणजे फळ्यावरचे दोन ते दोनच.

विनी : मग! कुणी सांगितलं नाही त्याला?

अँब्रोज : नाही. घरी ती वेळ नेहमी त्याची बायकोच बघायची.

विनी : मग तिला बरोबर का नाही नेलं?

अँब्रोज : न्यायला हवं होतं.

विनी : जाऊ द्या. म्हाताऱ्याला काय शिकवणार आता? ती मुलगी लहान आहे ना? तिला शिकवा. लहानपणी शिकलेलं माणूस विसरत नाही.

अँब्रोज : ती इथंच आहे. ऐकतेय. मेझी, सांग बरं.

मेझी : छापलेलं असेल तर तास मिळवायचा. हातानं लिहिलेलं असेल तर नाही.

विनी : शाब्बास! किती स्पष्ट बोलते. कुणाची गं तू?