फक्त शाब्बास

बसा ना — पिशवी माझीच आहे, सरकवते — आणि नाही हो, तुमच्या पिवळ्यांपैकी नाही मी, माझी लेक निळ्यांत आहे, ती बघा, पाच नंबर, मोजे घसरलेत ती. मग इकडे का बसले म्हणता? इकडे ऊन कमी लागतं. बरं, सारखंच लागतं. तुम्ही आज पहिल्यांदाच आलात वाटतं, कारण तुम्ही खेळ बघताय. इथे खेळ कोणी बघत नाही, ताई. ते समोरचे गृहस्थ दुर्बीण घेऊन येतात — नऊ वर्षांच्या पोरींची फुटबॉलची मॅच, मैदान केवढं, तर गच्चीएवढं, आणि दुर्बीण. शेजारचे ते दातांचे डॉक्टर, ते वहीत लिहितात कोणाची मुलगी किती मिनिटं खेळली. आणि गोल मोजायचे नाहीत असा नियम आहे बरं का. हारजीत नाही, नुसती मजा, शेवटी सगळ्यांना मेडल. त्यामुळे मोजत कोणीच नाही. विचारा कोणालाही — तीन-दोन.

पूर्वी तर याहून मजा होती. आईबाप नुसते बोंबलायचे — पळ, अडव, झोपलीस का — एका आजोबांनी तर पंचाला चष्मा देऊ केला, स्वतःचा. मग आमच्या सरांनी, म्हणजे शिकवतात ते, साधा माणूस आहे, फर्मान काढलं की रेषेबाहेरून पालकांनी एकच शब्द बोलायचा. शाब्बास. बाकी अवाक्षर नाही. सह्या घेतल्या आमच्या. सगळ्यांत आधी मी केली, कारण मी काही ह्यांच्यातली नाही, पोरीनं पळावं, घाम गाळावा, भूक लागावी, एवढंच माझं म्हणणं.

तर शाब्बास. आता हे कसं म्हणतात? पोरीच्या पायातून बॉल गेला — शाऽऽब्बास. समोर जाळं मोकळं आणि हिनं दिला दुसरीला — शाब्बास, आणि पुढचं ‘बाई’ मनातल्या मनात. नियम मोडला का मी? सरांनी वळून पाहिलं एकदा, पण बोलणार काय, शब्द त्यांचाच. मी कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला आहे — दिवसाला तीनशे शर्ट जातात हाताखालून, सुटलेला टाका दिसला की लाल चिकटपट्टी लावायची आणि पुढचा घ्यायचा. चांगल्या शर्टाला काय लावतात? काही नाही. चांगला शर्ट नुसता पुढे जातो. हाताला सवय लागते हो. तोंडालाही लागत असेल.

गेल्या आठवड्यात सासूबाई आल्या होत्या राहायला. पोरीनं त्यांना सुईत दोरा ओवून दिला, एका झटक्यात. त्या म्हणाल्या, शाब्बास गं. आणि ही — मी ताटल्या पुसत होते, पाठ होती माझी — ही म्हणते, “काय चुकलं, आजी?” नाही, रडली-बिडली नाही. वेळ काय झाली विचारावं तसं विचारलं. सुई मागून घेतली, दोरा ओढून काढला आणि पुन्हा ओवायला बसली. सासूबाई हसल्या, त्यांना वाटलं चेष्टा करतेय. मी ती एकच ताटली पुसत राहिले.

हसा, हसा. दुसऱ्या कोणाच्या घरचं असतं तर मीही हसले असते. काल म्हणाली, “आई, उद्या तू नाही आलीस तरी चालेल.” चालेल म्हणाली बरं का, नको नाही म्हणाली, शहाणी आहे. म्हणून इथे, तुमच्यात. घरी सांगितलंय भाजी आणायला जाते. म्हटलं बघू तरी, मी नसताना कशी खेळते. काय खेळतेय — तीनदा बॉल घालवला, तीनदा. आणि हसतेय. त्या तुमच्या दोन वेण्यांच्या मुलीनं पाडलं तिला, तर दोघी बसून हसतायत. मला वाटायचं तिला खेळ आवडतच नाही. सरांना सांगणार होते, काढून घेते हिला.

थांबा, मिळाला तिला. एकटी आहे, समोर कोणी नाही, अगं मा — नाही, काही नाही बोलले. दिला. दुसरीला दिला पुन्हा, आणि त्या दुसरीनं बाहेर मारला. आणि मिठी कसली मारताय, गोल कुठे झालाय. इकडे बघतेय का ती? बघतेय. ताई, जरा पुढे सरका. अजून थोडं. टाळ्या वाजवा तिच्यासाठी, तुमची नसली म्हणून काय झालं. माझ्या टाळ्या ओळखते ती. हं, वाजवत राहा, आणि मागे वळून माझ्याशी बोलू नका.