काठावरचे चार ठिपके

आदरणीय अध्यक्ष राजीवजी, आजच्या सत्कारमूर्ती प्रेमाताई, त्यांच्या शेजारी कधी नव्हे ते गप्प बसलेले उत्तमराव, गोधडी गटातल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि जेवणाच्या वासाने मागच्या दाराकडे बघणाऱ्या समस्त मस्कतवासी मराठी बंधूंनो,

मी विद्या. मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यात प्रेमाताईंचं कौतुक करायचंय, आणि तीन वर्षं घशात अडकलेलं एक वाक्यही बोलायचंय. येत्या शुक्रवारी त्या कायमच्या कुडाळला निघाल्या. आज नाही बोलले तर मग कधी?

उत्तमरावांनी सव्वीस वर्षं रुसैलच्या कारखान्यात माल तपासला. पण खरी तपासनीस घरात होती, हे त्यांनाही मान्य असावं. मान हलवताहेत, बघा! हल्ली जुन्या नक्षीचं नवं कापड सर्रास मिळतं. धुऊन, चहाच्या पाण्यात बुडवून ते पणजीच्या काळातलं म्हणून विकतात. आपण भुलतो. प्रेमाताई आधी कापड उलटं करतात, मग काठ बघतात, मग एक धागा ओढतात. खलास! निकाल लागला.

एरवी त्यांना काहीही विचारा. 'ताई, गोधडी परवा मिळेल?' 'इन्शाल्ला.' म्हणजे महिनाभर विसरा. कापडाच्या बाबतीत मात्र त्या कधी इन्शाल्ला म्हणाल्या नाहीत. नवं तर नवं, जुनं तर जुनं.

तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात आपण गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. मी माझ्या आईची गोधडी मांडली. निळ्या फुलांचं चीट, म्हणजे छापील सुती कापड. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती नेहमी म्हणायची, ही तुझ्या आजीची. मी ऐटीत कार्ड लिहिलं, 'आजीच्या हातची, नव्वद वर्षांपूर्वीची.' उद्घाटनाला तासभर होता. प्रेमाताईंनी उसवलेला एक कोपरा उलटा केला. दुमडलेल्या काठावर रंगांचे चार बारीक ठिपके होते. त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "बाय माझे, ह्यां कापड नवां आसा. असले ठिपके हल्लीच्या छपाईत येतत. कार्ड काढूया."

हळूच म्हणाल्या, हे लक्षात घ्या. ओरडले ती मी. तीस माणसांसमोर! "दुसऱ्याच्या आईच्या वस्तूत खोट काढल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही का?" गोधडी गुंडाळली आणि घरी गेले. आठ महिने त्यांच्याशी बोलले नाही. पण खरं सांगू? राग त्यांचा नव्हताच. आई आपल्याशी खोटं बोलली, हे मला सोसत नव्हतं. गोधडी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. मी तिला हातही लावेना.

शेवटी माझी लेक इरा मला न सांगता ती घेऊन कुरुमला प्रेमाताईंच्या घरी गेली. तिथून फोन. "मम्मा, लगेच ये. आजी खोटी नव्हती बोलली!" तिचं मराठी असंच आहे, पण त्या दिवशी मी एक अक्षर सुधारलं नाही.

गेले. प्रेमाताईंनी चार बोटं शिवण उसवली होती. आत तेच चीट, तीच निळी फुलं. पार विरलेलं, बोट लावलं तर फाटेल असं, आणि त्यावर आजीचे धावदोऱ्याचे टाके. आजीची गोधडी आत होती. आपल्याकडे गोधडी विरली की टाकत नाहीत, वरून नवं कापड घालतात. सगळ्या बायकांना ठाऊक असलेली ही गोष्ट मी विसरले होते! आईने आजीची फुलं जशीच्या तशी शोधून आणली होती. प्रेमाताई म्हणाल्या, "तुझ्या आवशीन किती दुकाना पालथी घातली असतली गो!" मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. चहा प्याले, दोन घावणे खाल्ले. त्यांनी शिवण पुन्हा घातली, ती कुठली ते आता मलाही सापडत नाही. सगळं झालं. माफी तेवढी मागितली नाही. तीस माणसांसमोर बोलले होते, घरात एकटीपाशी मागायला जीभ रेटेना.

ही गोधडी आता इरा पुण्याला कॉलेजात घेऊन जाणार आहे. नवं कार्ड तिनेच लिहिलंय, 'आत पणजीची. वरचं कापड नवीन, आजीने शोधलेलं. शिवण प्रेमाआजीची.'

राजीवजी घड्याळ बघताहेत. तेव्हा अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार. भाषण संपवताना बोलण्यातल्या चुकांची क्षमा मागतात. आजच्या चुका तुम्ही पोटात घालालच. मी माफी मागतेय ती तीन वर्षांपूर्वीच्या त्या एका वाक्याची, त्याच सभागृहात, आणि आज तर दीडशे माणसांसमोर. प्रेमाताई, मी चुकले. मला माफ केलंत का?

हो की नाही, सरळ सांगा. इन्शाल्ला चालणार नाही.