आतल्या खोलीपर्यंत

इशिता : कॅमेरा जरा खाली उतरवू का, बाबा? स्क्रीनचा कोपरा झाकला जातोय.

गुणवंत : कॅमेऱ्याला हात नको लावू. बाकी काय हवं ते कर.

इशिता : बरं, नाही लावत. हे बघा, परत पासवर्ड विचारतोय.

गुणवंत : विचारणारच. दोन हिरवे ठिपके गोल गोल फिरणार, थांबणार, मग पासवर्ड. अडीच महिने हेच बघितलं मी.

इशिता : तेव्हा पासवर्ड नीट टाकत होतात ना?

गुणवंत : हे तेव्हाही विचारलं होतंस. फोनवर.

इशिता : सहज विचारलं हो.

गुणवंत : तेव्हाही सहजच होतं. आता तूच टाकलास ना? मग?

इशिता : हो. मी टाकला तरी विचारतोय. ती वही कसली?

गुणवंत : ह्याचीच. पहिल्या पानावर खोक्यावरचं आणि कॉम्प्युटरला खोचलेल्या ह्या वाय-फायच्या काडीच्या पाठीवरचं सगळं उतरवलंय. तूच म्हणाली होतीस, जे दिसेल ते लिहून ठेवा. पुढे रोजचं. एक जानेवारी, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. मग सुडो. प्रत्येक ओळीच्या आधी सुडो, पत्रिकेवर श्री लिहितात तसं.

इशिता : काय हो बाबा!

गुणवंत : हस. तुझी आईपण हसायची. पडल्या पडल्या विचारायची, झालं का तुमचं सुडो?

इशिता : थांबा, मला वाचू द्या. ह्या काडीसाठी विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये बसवलात तुम्ही. लिनक्सचा स्वतःचा मध्ये मध्ये येत होता, तो बंद केलात. बाबा, हे सगळं बरोबर आहे. अकरा जानेवारीलाच झालंय.

गुणवंत : मग चालत का नाही?

इशिता : तेच कळत नाहीये. राऊटर तर ठीक आहे. माझा लॅपटॉप आल्या आल्या लागला, चार दिवस वापरतेय मी. म्हणजे ही काडीच खराब असणार. सोडा ना आता. गुरुवारी मी निघाले. त्याआधी तुम्हाला एक लॅपटॉप घेऊन देते, हॉलमध्ये बसून आरामात बोला माझ्याशी. आतल्या खोलीत आता कशाला हवंय?

गुणवंत : मला वापरायला नकोच आहे.

इशिता : मग?

गुणवंत : मला फक्त कळायला हवं. हे होण्यासारखं होतं, का नव्हतंच. नव्हतं तर नव्हतं, मी मोकळा झालो. परवा तिचं वर्षश्राद्ध झालं, भटजी म्हणाले आता सुटलात. कशातून सुटलो? वर्षभर मी ह्या एकाच गोष्टीवर अडून बसलोय.

इशिता : बाबा, आईला माझा आवाज रोज ऐकू येत होता.

गुणवंत : आवाजाने तिचं भागत नव्हतं. तुझं पोट केवढं दिसतं ते बघायचं होतं तिला. पायावर सूज आहे का बघायचं होतं. म्हणायची, फोनवर पोरगी सगळं छान आहे म्हणते, मला डोळ्यांनी दिसलं की कळेल.

इशिता : मला डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. सातवा होता मला.

गुणवंत : तुला कोण काय म्हणतंय? तुझं कारण होतं. माझं काय होतं?

इशिता : एक विचारू? रागावू नका. राऊटर हॉलमध्ये, आईची खाट इथे. मधे वीस पावलं. वायर का नाही ओढलीत?

गुणवंत : सगळे हेच विचारतात. ती वॉकर घेऊन बाथरूमला जायची. वायर पायात आली असती तर?

इशिता : दाराच्या चौकटीवरून नेता आली असती.

गुणवंत : मला शिकवतेस? चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. अख्ख्या पेणकरपाड्यात खांबावर चढून लोकांच्या घरात वायरी ओढल्या.

इशिता : म्हणून तर विचारतेय.

गुणवंत : वाटायचं, आज लागेल, उद्या लागेल. तू एकदा म्हणालीस ना, बाबा, तुम्हाला नाही जमणार, सोडा. त्यानंतर वायर ओढणं म्हणजे मी हरलो, असं झालं.

इशिता : मी चिडून म्हटलं होतं ते. तुम्ही काय म्हणालात तेपण सांगा की.

गुणवंत : तुझं फुकटचं लिनक्स तुलाच लखलाभ.

इशिता : आणि फोन आपटलात.

गुणवंत : आपटला. मग पंधरा दिवस तुझा फोन आला की तिच्या हातात देऊन गॅलरीत जायचो. आणि खरं सांगू, लिनक्स मलाही हवं होतं. विंडोजची चोरीची सीडी नको घरात, असं मीच म्हटलं होतं.

इशिता : बाबा, ही यादी बघा. ह्या खोलीत दोन वाय-फाय पकडतायत. एक आपलं. दुसऱ्याचं नाव 'हंसा'.

गुणवंत : शेजारचं असेल. हंसाबेनच्या मुलाने, चंदनने बसवलंय.

इशिता : त्याला कुलूप दिसत नाहीये. पण न विचारता कसं...

(दारावरची बेल वाजते.)

हंसा : इशिता, बेटा, तुझी छकुली झोपली आमच्याकडे. मी बोलली सांगून येते, नायतर तू शोधत बसशील. चंदनची बायको बसलीय तिच्याजवळ.

इशिता : बरं झालं आलात, हंसा आंटी. तुमच्या वाय-फायला पासवर्ड नाही का?

हंसा : पासवर्ड कशाला? चंदन बोलतो, पाहुणे येतात, सगळ्यांना सांगत कुठे बसायचं?

इशिता : दोन मिनिटं वापरून बघू? आमची ही काडी चालते का बघायचंय.

हंसा : अरे घे ने! विचारते काय?

इशिता : लागलं.

गुणवंत : काय लागलं?

इशिता : नेट. हे बघा, पान उघडलं.

गुणवंत : ह्याच काडीवर?

इशिता : ह्याच काडीवर.

गुणवंत : म्हणजे काडी चांगली. लिनक्सपण चांगलं. अकरा जानेवारीपासून?

इशिता : बाबा, बसा जरा.

गुणवंत : ती गेली चौदा मार्चला.

हंसा : हे नेटचं आहे काय, सुचेताबेनवालं? मी तर बोलली होती तिला तेव्हाच. आमचं घ्या, भिंतीच्या पलीकडे तर आहे, चंदन दोन मिनटात करेल. ती 'नको' बोलली.

गुणवंत : तिला विचारलं होतंत? मला कधी बोलली नाही ती. काय म्हणाली?

हंसा : बोलली, नको हंसाबेन, ते एवढे मागे लागलेत, त्यांना वाईट वाटेल. मग हसली. बोलली, तेहतीस वर्षात पहिल्यांदा रोज संध्याकाळी माझ्या बाजूला बसतात, बसू दे. नेट काय, आज नाय तर उद्या लागेल.

इशिता : बाबा...

गुणवंत : मी तिच्याकडे पाठ करून बसायचो.

हंसा : असं नका बोलू, गुणवंतभाई.

गुणवंत : खरं तेच बोलतोय. कॉम्प्युटर तिकडे, तिची खाट इकडे. अडीच महिने तिने माझी पाठ बघितली. आणि फोन मुका झाला अशी तक्रार आली की आम्ही लाइनमन पहिलं काय करायचो, माहितेय? फोन उचलून शेजारच्या घरी न्यायचा, त्यांच्या लाइनवर लावून बघायचा. तिथे वाजला तर फोन चांगला, खोट आपल्या लाइनीत. पहिल्या दिवशी शिकवतात हे. दोन मिनिटांचं काम.

इशिता : मग आपल्या लाइनीत काय खोट आहे ते बघू. माझा लॅपटॉप द्या. राऊटरचं पान ह्यात उघडेल.

हंसा : मी जाऊ काय?

गुणवंत : बसा हो. तुमच्यापासून काय लपवायचंय?

इशिता : अरे देवा.

गुणवंत : काय झालं?

इशिता : बाबा, पासवर्डशिवाय आणखी एक कुलूप आहे ह्याच्यावर. प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक नंबर असतो. इथल्या यादीत ज्याचा नंबर असेल त्यालाच राऊटर आत घेतो. आणि यादीत एकच नंबर आहे.

गुणवंत : कुणाचा?

इशिता : माझ्या लॅपटॉपचा. मीच लावलंय हे. आई आजारी पडायच्या आधी मे महिन्यात आले होते ना, लिनक्स घालून दिलं, तेव्हा. आणि साफ विसरले. म्हणून माझा लॅपटॉप आल्या आल्या लागला. तिकडे बसून मी तुम्हाला विचारत राहिले, पासवर्ड नीट टाकताय ना.

गुणवंत : तू आपणहून नाही लावलंस. मी म्हटलं होतं, घट्ट लाव.

इशिता : तुम्ही कधी म्हणालात?

गुणवंत : तेव्हाच. शेजारच्यांनी आपलं नेट वापरायला नको, म्हटलं होतं. हंसाबेन, खोटं नाही बोलत, तुमच्यासाठीच लावलं होतं.

हंसा : आमच्यासाठी?

गुणवंत : हो.

हंसा : असू दे, असू दे. चंदन वापरायचा पण. एक दिवस बंद झालं, मग त्याने आमचं घेतलं.

इशिता : आंटी!

हंसा : खरं आहे ते आहे. चला, मी जाते, छकुली उठेल. गुणवंतभाई, रात्रीचं जेवण आमच्याकडे. नाय बोलायचं नाय.

गुणवंत : येतो.

इशिता : बाबा, मी एकदा जरी हे पान उघडायला सांगितलं असतं तुम्हाला...

गुणवंत : आणि मी एकदा जरी शेजारी विचारलं असतं. आता वाटण्या करून काय होणार? होण्यासारखं होतं, एवढं कळलं. मला वाटत होतं, नव्हतं असं निघेल.

इशिता : तुम्हाला तेच ऐकायचंय, हे मला मघाशीच कळलं होतं. काडी खराब आहे असं सांगून टाकावं, असं मनात आलं होतं.

गुणवंत : मला पटलं नसतं. वर आणखी वर्षभर वही लिहीत बसलो असतो.

इशिता : ह्या काडीचा नंबर हवाय. बारा आकडे-अक्षरं असतील पाठीवर.

गुणवंत : काढायला नको. वहीत आहे, पहिल्या पानावर. सांगतो. शून्य शून्य, एक नऊ, ई शून्य...

इशिता : सावकाश.

गुणवंत : ...चार सात, बी दोन, सहा एक.

इशिता : झालं. पुढे नाव लिहायला जागा आहे. माझ्यापुढे 'इशिता' लिहिलंय. ह्याला काय लिहू?

गुणवंत : तिचंच लिही.

इशिता : लिहिलं. आता शेजारचं सोडते, आपलं पकडते. ठिपके फिरतायत. एक हिरवा. दुसरापण. लागलं, बाबा.

गुणवंत : पासवर्ड नाही विचारला?

इशिता : नाही विचारला. मी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये जाते आणि तिथून तुम्हाला व्हिडिओ कॉल करते. रिंग वाजली की हिरवं बटण दाबा.

गुणवंत : एवढ्याशा घरात?

इशिता : एकदा. मी जायच्या आधी.

गुणवंत : जा.

इशिता : बाबा, उचललात? ऐकू येतंय का?

गुणवंत : येतंय. दिसतेसपण. लांबून काय ओरडतेस, ह्यातून येतोय आवाज.

इशिता : मला तुम्ही नाही दिसत आहात. नुसती उशी दिसतेय.

गुणवंत : हो. तिला फार वेळ बसता यायचं नाही. म्हणून कॅमेरा उशीच्या मापाने लावला होता.

इशिता : जरा वर करा ना तो. नाहीतर थांबा, मी येऊन करते.

गुणवंत : नको, तू बस तिथेच. मी आडवा होतो.